असल्फ्याची लाइन

१२ नोव्हेंबर

दैनंदिनी लिहायची मला सवय नाही. मी इतिवृत्त लिहितो. पक्षाच्या असल्फा शाखेचा सेक्रेटरी झाल्यापासून प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. कोण काय बोललं, काय ठरलं, कोण आलं नाही. पण इतिवृत्तात राग लिहिता येत नाही आणि शंका तर नाहीच नाही. निवडणूक तोंडावर आलीय, दोन्ही गोष्टी भरपूर होणार. म्हणून हे वेगळं.

काल पालिकेच्या वॉर्डांची सोडत निघाली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव. शाखेतला माझा जुना मित्र अंबादास याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तुझं काय रे आता, धाकू?" माझं काय असणार? मला उभं राहायचं नव्हतंच. गेल्या वेळी पक्षाने सांगितलं म्हणून उभा राहिलो आणि अनामत घालवून बसलो. परवा दोन पांढरे शर्ट शिवून घेतले ते जुने विरले म्हणून.

बायकोने, मालनने, शर्टांकडे बघून विचारलं, हे आता परत द्यायचे काय. मी सांगितलं, शिवलेले शर्ट टेलर परत घेत नाही. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१६ नोव्हेंबर

शाखेची बैठक. उमेदवार म्हणून तेजल वाहुळेचं नाव ठरलं. तेजल घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, असल्फ्याच्या टेकडीवरच लहानाची मोठी झाली. अंबादासनेच तिला पक्षात आणलं, मी तिला भांडवल आणि मजुरी शिकवली. मुलगी हुशार आहे. ऐकून घेते.

नाव ठरल्यावर प्रचाराचा मुख्य मुद्दा कोणता यावर चर्चा झाली. टेकडीच्या पायथ्याचा सरकारी दवाखाना एका खासगी ट्रस्टला चालवायला द्यायचा प्रस्ताव आहे. तो हाणून पाडायचा, यावर सगळ्यांचं एकमत. मग मी माझा पत्रकाचा मसुदा वाचला. एका बाजूला सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकतं, दुसऱ्या बाजूला दवाखाने विकायला काढतं. ते पैसे एका हाताने येतात आणि दुसऱ्या हाताने खासगी डॉक्टरच्या गल्ल्यात जातात. म्हणजे सरकारने बायकांना पैसे दिलेच नाहीत, डॉक्टरला दिले, बाईच्या हातून. मथळा दिला होता: पैसे नकोत, दवाखाना हवा.

तेजल म्हणाली, "काका, मथळ्याबद्दल मला थोडं बोलायचंय." पण तोवर खालच्या इस्त्रीवाल्याने शटर ओढायला घेतलं आणि कचेरीचा जिना त्याच्याच दुकानातून आहे. पुढच्या वेळी बोलू म्हटलं.

२५ नोव्हेंबर

पत्रकावर पुन्हा वाद. अंबादास म्हणतो, पैसे नकोत असं आपण कोणाच्या वतीने म्हणतोय? मी म्हटलं, वर्गाच्या वतीने. तो म्हणाला, वर्गाला जाऊन विचारलं का? हा माणूस आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला, पण वाद घालताना प्रत्येक स्टॉपवर ब्रेक मारतो.

मी मुद्दा सोडला नाही. माणसाला काम मिळालं, कामाचं नीट दाम मिळालं, पोराला शाळा आणि आजाऱ्याला दवाखाना फुकट मिळाला, तर कोणाला खात्यात येणाऱ्या पैशाची वाट बघायला लागणार नाही. हे मी साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर होतो तेव्हापासून सांगतोय आणि यातला एक शब्द अजून खोटा ठरलेला नाही. तेजल म्हणाली, दोन्ही का मागू नये? मी तिला समजावलं की दोन्ही मागणारा शेवटी स्वस्तातलं घेऊन घरी जातो. ती गप्प बसली. पटलं असावं.

पत्रक छापायला दिलं.

२ डिसेंबर

मंगळवार. मालन मुलुंडला बहिणीकडे गेली. हल्ली दर मंगळवारी जाते. गुडघ्यांमुळे तिला बसची पायरी चढवत नाही, रिक्षाने जाते, येताना बांगडे नाहीतर मोदक घेऊन येते. मध्यंतरी चष्माही नवा केला तिने. आमचं घर माझ्या तुटपुंज्या पेन्शनवर चालतं, तरी अलीकडे ती माझ्याकडे फारसे पैसे मागत नाही. काटकसर हा गुण बायकांच्या अंगी मुळातच असतो.

आज तेजल घरी आली होती. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. मी आत गेलो तर विषय बदलला. प्रचाराचं टेन्शन असणार.

७ डिसेंबर

काल अंबादास चैत्यभूमीवर होता. आज दुपारी थेट माझ्याकडे आला, पाय सुजलेले, आवाज बसलेला. मला वाटलं दमलाय म्हणून हळू बोलतोय. पण त्याला काही सांगायचं होतं.

मोठ्या पक्षाचे दळवी त्याला भेटले. हे दळवी आघाडीतल्या जागांचं वाटप बघतात. ते आमचा वॉर्ड आपल्याला सोडायला तयार आहेत. त्यांचा उमेदवार उभा राहणार नाही, तेजल आघाडीची उमेदवार. बदल्यात आपण साकीनाक्याची आणि कुर्ल्याची जागा लढवायची नाही. आणि दवाखान्याचा विषय प्रचारात काढायचा नाही, कारण त्या ट्रस्टमध्ये त्यांची माणसं आहेत.

मी म्हटलं, म्हणजे त्यांच्या मतांवर निवडून यायचं आणि त्यांनी दवाखाना विकताना तोंड बंद ठेवायचं. अंबादास म्हणाला, "आपण तीस वर्षं बरोबर आहोत, धाकू, आणि तीस वर्षं हरतोय. आपण हरलो की तुझं-माझं काही जात नाही रे. टेकडीचं जातं." मी म्हटलं, विकला गेलेला जिंकला तरी टेकडीचं जातंच. तो चहा अर्धा ठेवून गेला.

राधावहिनी गेल्यापासून तो मऊ झालाय. एकट्या माणसाला आपल्या हयातीत काहीतरी घडलेलं बघायची घाई होते.

१४ डिसेंबर

बैठकीत दळवींच्या प्रस्तावावर मतदान झालं. समसमान. अशा वेळी सेक्रेटरीचं जादा मत धरतात. मी स्वबळाच्या बाजूने दिलं.

साकीनाक्याचा जयवंत आला होता. त्याचा लेथचा छोटा गाळा आहे. वर्षभर तो तिथल्या कामगारांत फिरतोय, त्याला तिथून उभं राहायचंय. मत दिल्यावर त्याने माझा हात दाबला. अंबादास खुर्ची सरकवून उठला आणि जिना उतरला.

तेजल कोणत्या बाजूची हे मला अजून नीट माहीत नाही. उमेदवाराने स्वतःबद्दल मत देऊ नये असा आपला पायंडा आहे, म्हणून तिला मत नव्हतं.

१५ डिसेंबर

अंबादास सकाळच्या चहाला आला नाही. मी दोन कप मांडून बसलो होतो.

२० डिसेंबर

आज संध्याकाळी टेकडीवर, मेट्रोच्या बाजूने वर येणाऱ्या गल्लीत कोपरासभा. बायकांची गर्दी चांगली होती. मालनही आली होती, पहिल्यांदाच. मागे भिंतीला टेकून उभी होती. मला बरं वाटलं.

मी बोललो. दवाखान्यावर टाळ्या आल्या. मग पैशांच्या मुद्द्यावर आलो आणि ओघात म्हणालो की ही मदत नाही, ही भीक आहे, आणि कष्टकरी बाई भीक घेत नाही. टाळ्या आल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी उठल्या. मग आणखी काही. पदर सावरून, पोरांना ओढून निघाल्या. मालनही निघाली. तिचे गुडघे दुखले असतील, इतका वेळ उभी होती.

नंतर तेजलने माईक घेतला. काय बोलली ते मी नीट ऐकलं नाही. लोक का उठले याचा विचार करत होतो. भाषण लांबलं असावं.

२१ डिसेंबर

काल मला जे वाटलं ते चुकीचं होतं. सगळंच.

सकाळी मालनने चहा पुढे ठेवला आणि माझ्या समोर बसली. ती कधी बसत नाही, तिचं काहीतरी चालूच असतं. म्हणाली, "मी ते पैशे घेतंय." मला आधी कळलंच नाही कुठले पैसे. मग म्हणाली, तेजलने अर्ज भरून दिला, वर्ष झालं. तुमका सांगूक नाय, कारण तुम्ही काय म्हणणार तां माका ठाऊक होता.

मी विचारलं, कित्याक गो? मी तुला कधी कमी केलं? कधी नाही म्हटलं?

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "तुम्ही कधी नाय म्हणालात नाय. पण माका मागूचा लागायचा. रिक्षाक मागायचा, चष्म्याक मागायचा, भयणीकडे जाऊक मागायचा. तुम्ही देताना हसत द्यायच्यात, तरी मी मागणारीच. आता मंगळवारी मी उठतंय आणि जातंय. काल तुम्ही सगळ्यांसमोर माका भिकारीण केलात."

आवाज चढवला नाही. कप उचलून आत गेली.

मी दिवसभर बाहेर पडलो नाही. दारात भाजीवाली आली, मालनने तिला पैसे दिले, आपल्या पाकिटातून. ते पाकीट मी आधी पाहिलं होतं की नाही, आठवेना. मजुरी ही भीक नाही हे मी हजारो माणसांना सांगितलं. मालनने या घरात केलं त्याचं दाम मी कोणत्या खात्यात धरलं होतं? मी सेक्रेटरी. आमच्या घरात माझा पगार होता आणि तिला माझी परवानगी.

यात माझा सगळा युक्तिवाद खोटा ठरत नाही. दवाखाना हवाच. पण मी जे बोललो ते बोलायचा मला हक्क नव्हता.

२३ डिसेंबर

अंबादासकडे गेलो. तो साकीनाक्याच्या बाजूला उताराला राहतो. दार उघडून त्याने आत घेतलं. राधावहिनींच्या फोटोला त्याने ताजं फूल वाहिलं होतं.

मी मालनचं सांगितलं. मग म्हटलं, मी काही कोणाला विचारलं नव्हतं. तू म्हणतोस तसं करू, आघाडी घेऊ. तुझं बरोबर होतं.

अंबादास म्हणाला की त्यालाही झोप नाही. दळवींचा परत फोन आला होता आणि ते त्याच्याशी असं बोलले की जणू तो त्यांचाच माणूस. दवाखान्याबद्दल गप्प राहायचं म्हणजे काय ते तेव्हा त्याला कळलं. राधावहिनी शेवटचे महिने त्याच दवाखान्यात जात होत्या. तो म्हणाला, "तू स्वबळावर लढायचं म्हणत होतास तेच खरं. मी हरायला कंटाळलो होतो, एवढंच."

आता मी आघाडीच्या बाजूने आणि तो स्वबळाच्या. दोघांनी एकमेकांच्या जुन्या बाजू घेऊन पुन्हा वाद सुरू केला, आणि तोही मोठ्याने. शेजारीण डोकावून गेली.

तेवढ्यात तेजल आली. तिला अंबादासनेच बोलावलं होतं. दारात उभी राहून तिने आमचं थोडं ऐकलं, चप्पल काढली, खाली बसली आणि म्हणाली, "उभी मी राहणार आहे ना? महिना होऊन गेला, मला कोणी विचारलंच नाही."

आम्ही दोघंही तिच्यासमोर खाली बसलो.

मग अंबादास म्हणाला, बोल. ती बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. आघाडी घ्यायची, कारण मतं फुटली तर जे येतील ते टेकडीचं काही ठेवणार नाहीत. पण दवाखान्यावर गप्प बसायचं नाही, ही अट दळवींना तोंडावर सांगायची. मान्य नसेल तर एकटं लढायचं. आणि पैशांबद्दलचं पत्रक मागे घ्यायचं. पैसे आमचे आहेत, ते आम्ही घेणार, आणि दवाखानाही आमचा आहे. मी तिला म्हटलं होतं की दोन्ही मागणारा स्वस्तातलं घेऊन जातो. आज ती म्हणाली, "काका, दोन्ही मागायची सवयच नाही आपल्याला. म्हणून स्वस्तातलं मिळतं."

मी विचारलं, आणि जयवंत? ती म्हणाली, त्याचं वाईट वाटतं. पण दुसरा मार्ग सापडला नाही.

२६ डिसेंबर

बैठकीत तेजलचा ठराव मंजूर झाला. जयवंत कामावर होता, येऊ शकला नाही. त्याला कळवायचं माझ्याकडे होतं. फोन लावला, उचलला नाही. उद्या लावतो.

दुपारी तेजल, अंबादास आणि मी दळवींकडे गेलो. गोड माणूस. खोबऱ्याची वडी पुढे केली. तेजलने दोन वाक्यांत अट सांगितली. ते हसले आणि माझ्याकडे बघत राहिले, मी उत्तर देईन म्हणून. मी वडी खात होतो. शेवटी म्हणाले, तुमच्या सभांत तुम्ही काय बोलाल त्यावर आमचा ताबा नाही, फक्त आमचा झेंडा लावून बोलू नका. म्हणजे झालं. इतकं सोपं होतं तर अंबादासला गप्प राहायची अट का घातली होती, देव जाणे. मी देव मानत नाही, पण हा शब्द दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

२ जानेवारी

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. साकीनाक्यातून भरलेला अर्ज जयवंतने मागे घेतला. पक्षाचा आदेश म्हणून घेतला. मला वाटलं होतं फोनवर सांगितलं म्हणजे झालं. पण दुपारी तो कचेरीत आला आणि त्याने त्याचं सभासदत्वाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

म्हणाला, त्या दिवशी तुम्ही मत दिलंत तेव्हा मी गाळ्यावरच्या पोरांना पेढे वाटले. आता त्यांना काय सांगू? मी सांगायला लागलो, परिस्थिती, मतांची फूट. तो ऐकत उभा राहिला. माझं संपल्यावर म्हणाला की हे सगळं त्याला माहीत आहे, आणि मान्यही आहे. फक्त आधी समोर येऊन कोणी सांगितलं असतं तर.

तो गेल्यावर मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. आघाडीची लाइन बरोबर आहे, असं मी आता मानतो. तरी आज माझ्या हातून एक चांगला माणूस गेला.

९ जानेवारी

प्रचार जोरात. नवीन पत्रक निघालं, तेजलने लिहिलेलं. आमच्या पत्रकात नेहमी असतो तसा आंतरराष्ट्रीय परिस्थितीचा परिच्छेद त्यात नाही. मला तो परिच्छेद नसल्याचं फार काही वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

परवाच्या कोपरासभेत मी पुन्हा बोललो. म्हटलं, मागच्या वेळी मी इथे भीक हा शब्द वापरला, तो माझा शब्द चुकला, पैसे तुमचे आहेत. त्यापलीकडे काही बोललो नाही. टाळ्या आल्या नाहीत, पण कोणी उठलंही नाही.

मालन दुपारची तेजलबरोबर घरोघर जाते. मला कोणी सांगितलं नाही, चक्कीवाल्याकडून कळलं. टेकडीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत म्हणून खालच्या गल्ल्या ती करते. मी विचारलं, तू काय सांगतेस लोकांना? म्हणाली, "मी काय सांगूचा? मी इचारतंय."

मोठ्या पक्षाचे कार्यकर्ते दिसत नाहीत. अंबादासने दळवींना दोनदा फोन केला. येतील म्हणाले.

१५ जानेवारी

मतदान. सकाळी मालनला रिक्षात घालून केंद्रावर नेलं. खरं तर तिने मला नेलं, रिक्षाचं भाडं तिने दिलं.

मोठ्या पक्षाची इथली जुनी इच्छुक बाई तिकीट मिळालं नाही म्हणून अपक्ष उभी आहे हे माहीत होतं, पण दुपारी बूथवर कळलं की दळवींची बरीच पोरं तिचंच काम करतायत. अंबादास पांढरा पडला. मी त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवायची संधी होती आणि मी ती घेतली नाही. आमच्या मैत्रीत हे पहिल्यांदाच झालं असेल.

१६ जानेवारी

तेजल हरली. दुसरी आली, थोडक्यात. अपक्ष बाईने जी मतं खाल्ली ती तेजलकडे असती तर आज गुलाल आमचा होता.

मतमोजणीच्या मैदानाबाहेर आम्ही भिंतीला टेकून बसलो. अंबादास म्हणाला, माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, एकट्याने लढलो असतो तर तिसऱ्या नंबरच्याही खाली असतो. दोन्ही खरं आहे. निवडणुकीत असंच होतं, दोन्ही बाजू खऱ्या निघतात आणि वॉर्ड तिसऱ्याला जातो.

तेजल आली ती बूथांचे आकडे घेऊन. डोळे लाल होते पण आवाज नीट होता. टेकडीवरच्या सगळ्या बूथांवर ती पुढे आहे. जिथे बायका घरोघर गेल्या तिथे तर फारच. तिने ते आकडे मला न दाखवता आधी मालनला दाखवले. मालनने नवीन चष्मा लावून बघितले आणि म्हणाली, "आपण हरलो खय?"

२५ जानेवारी

मी सेक्रेटरीपद सोडलं. कोणी सोड म्हटलं नव्हतं, उलट थांबा म्हणाले. मी तेजलचं नाव सुचवलं, अंबादासने अनुमोदन दिलं. इतिवृत्त आता ती लिहील. तिचं अक्षर बघितलं, वाचता येतं.

तिने सेक्रेटरी म्हणून पहिलं काम दिलं ते मला आणि अंबादासला. जयवंतकडे जाऊन या.

२७ जानेवारी

गेलो. गाळ्यात लेथ चालू होता. जयवंतने आम्हाला पत्र्याच्या खुर्च्या दिल्या आणि हातातला जॉब संपेपर्यंत वळून बघितलं नाही. मग मशीन बंद केलं.

मी कार्ड त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, जयवंत, तुला समोर येऊन सांगायचं काम माझं होतं, मी फोन केला आणि काम झालं समजलो. तू परत ये. त्याने कार्ड घेतलं नाही. म्हणाला, पक्षात सध्या नाही. मन लागत नाही. पण दवाखान्याचं काही असेल तर बोलवा, गाळ्यावरची पोरं घेऊन येईन.

उतरताना अंबादास म्हणाला, आला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, एवढंही कमी नाही. यावर वाद झाला नाही.

११ फेब्रुवारी

आज वॉर्ड ऑफिसात दवाखान्याच्या प्रस्तावावर निर्णय होणार होता. सकाळपासून टेकडीवरच्या बायका ऑफिसच्या आवारात बसल्या. मालनला खाली बसता येत नाही म्हणून तिला कोणीतरी खुर्ची आणली, ती उंचावर बसली आणि त्यामुळे सगळे येणारे-जाणारे तिलाच विचारू लागले की मोर्चा कोणाचा. ती सांगत होती, टेकडीचा.

जयवंत पोरांना घेऊन आला. नंतर दळवींच्या पक्षाची मंडळीही आली, झेंडे घेऊन. प्रस्तावाचा त्यांनाही अचानक विरोध होता. अंबादास मला म्हणाला, यांना घुसू द्यायचं का? मी म्हटलं, ट्रस्टमध्ये यांचीच माणसं आणि बाहेर यांचेच झेंडे. आम्ही दोघं बाजूला जाऊन तावातावाने बोलू लागलो. परत आलो तर दळवींची मंडळी बायकांच्या रांगेत खाली बसली होती आणि झेंडे भिंतीला लावून ठेवले होते. मालनने सांगितलं होतं की झेंडे धरलेत तर मागच्या बायकांना दिसत नाही.

संध्याकाळच्या आत साहेब बाहेर आले. प्रस्ताव पुढे ढकलला. रद्द नाही, पुढे ढकलला. बायकांनी घोषणा दिल्या. तेजल आणि मालन आणि आणखी चौघीजणी तिथूनच दोन रिक्षा करून मुलुंडला गेल्या. तिथलाही एक दवाखाना असाच द्यायचा घाटतोय आणि तिथल्या बायकांनी बोलावलंय. मालनने जाताना मला सांगितलं की यायला उशीर होईल.

अंबादास आणि मी कचेरीत आलो. खाली इस्त्रीवाला काम करत होता, वर पंखा लावला, चहा मागवला. दोन कप. अंबादासने लगेच सुरुवात केली. पुढे ढकलणं म्हणजे विजय की त्यांची चाल? दळवींना बरोबर घ्यायचं की उघडं पाडायचं? पुढची लाइन काय? मुद्दा त्याने चांगला काढला होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. चांगलं, तीन भागांचं उत्तर.

मी म्हटलं, "थांब रे. त्या येऊ देत."

तो थांबला. आम्ही चहा प्यायलो आणि खिडकीत बसून रिक्षांकडे बघत राहिलो.